दाराकडची द्राक्षं

"निरगुडेशेठ, उतर खाली. पाय मोकळं कर. ही रांग आज हलत न्हाई."

बजरंग खराडे हे म्हणाला तेव्हा तो स्वतः केव्हाच उतरला होता आणि शेजारच्या बसला टेकून कुणाच्या तरी थर्मासमधली कॉफी पीत होता. बस कुणाची, थर्मास कुणाचा, काही पत्ता नाही. आम्ही थांबलो त्याला फार तर अर्धा तास झाला असेल. तेवढ्यात याची ओळख झाली, कॉफी झाली, आणि बसमधल्या एका पोरीने आपली बाहुलीसुद्धा याच्या हातात सांभाळायला दिली होती.

"कॉफी कुणी दिली?"

"त्या ताईनं."

"तू काय बोललास तिच्याशी?"

"म्हटलं, ताई, लई गारठा हाय."

"मराठीत?"

"मग? तिची भाषा मला येत न्हाई."

मी गाडीतच बसून राहिलो. माझ्याकडे माझा थर्मास होता. त्यातला चहा थंड झाला होता.

ही मार्च २०२० ची गोष्ट. जर्मनीतून पोलंडला जाणारा हमरस्ता, गोर्लित्स गावाच्या अलीकडे. पोलंडने नुकतीच सीमा बंद केली होती. माल आत येईल, आपली माणसं आत येतील, बाकीच्यांनी आल्या वाटेने परत जावं, असा हुकूम. एरवी त्या सीमेवर एका निळ्या पाटीखेरीज काही नसायचं; देश बदलला हे मोबाइलवर संदेश आला की कळायचं. आता तिथे तंबू ठोकले होते, टेबलं मांडली होती, शिपाई प्रत्येकाचा ताप बघत होते. त्यामुळे नजर पोचेल तिथवर नुसते ट्रक, आणि ट्रकांच्या मधे घराकडे निघालेल्या माणसांच्या बस आणि गाड्या.

आमच्या पुढे आमचा ट्रक होता. आत द्राक्षं. अर्धा माल माझा, निफाडचा. अर्धा खराड्याचा, तासगावचा. ट्रक हाकायला मिरेक नावाचा पोलिश ड्रायव्हर, आणि मागून एका भाड्याच्या गाडीत आम्ही दोघे. आम्हाला सीमा ओलांडू देणार नाहीत हे हॉलंडहून निघतानाच माहीत होतं. तरी मला वाटलं, मालाबरोबरची माणसं म्हणून सोडतील. बजरंगला वाटलं, हात जोडले की सोडतील. आणि खरं कारण म्हणजे एक निघाला म्हटल्यावर दुसऱ्याला मागे राहवेना.

तसं असण्याचं कारण बोझेना. व्रोत्सवाफ शहरातल्या एका दुकानांच्या साखळीची ती फळं खरेदी करायची. तिला पुढच्या हंगामांसाठी भारतीय द्राक्षांचा एकच एजंट हवा होता. शेवटी आम्ही दोघेच उरलो. तेव्हा तिने सांगितलं, "एकाच ट्रकमधून दोघांचा माल पाठवा. एकच रस्ता, एकच हवा. इथे उतरला की मी पेट्या फोडीन. ज्याचा माल उजवा, पुढची तीन वर्षं त्याची."

तीन वर्षं म्हणजे काय, ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल. दर जानेवारीत नव्याने दारोदार हिंडायचं, नमुने चाखायला द्यायचे, हसायचं, हे सगळं तीन वर्षं बंद. ज्याला बोझेना मिळेल तो युरोपात टिकेल. दुसरा घरी जाईल. हे दोघांनाही माहीत होतं, आणि म्हणूनच ते आम्ही कधी बोलून दाखवलं नाही.

खराडे आणि मी बारेंड्रेख्तला एकाच घरात राहायचो. रॉटरडॅम बंदराजवळचं हे गाव म्हणजे फळांच्या व्यापाऱ्यांचं गाव. भाडं वाटून घ्यावं म्हणून एकत्र आलो, बाकी सगळं वेगळं. मिठाचे डबेसुद्धा दोन. माझ्या डब्यावर नाव होतं. त्याच्यावर नव्हतं, कारण तो माझंच मीठ वापरायचा.

माझी बिलं म्हणजे आरसा. एक आकडा इकडचा तिकडे नाही. खराड्याच्या बिलात दर वेळी चूक, आणि ती चूक त्याच्याच तोट्याची. डच व्यापारी स्वतः फोन करून सांगायचे, "बजरंग, तू कमी लावलेस, दुरुस्त करून पाठव." माझ्या बिलाबद्दल मला कधी कुणाचा फोन आला नाही. उपाहारगृहातली जाडी बाई त्याच्या वाडग्यात सूप वाढताना डाव बुडापर्यंत घालायची, मला वरचं पाणी. एवढं कशाला, माझी बायको वैजयंती नाशिकहून व्हिडिओ कॉल करायची, माझी तब्येत एका वाक्यात आटपायची आणि विचारायची, "खराडे भाऊजी कुठे आहेत? त्यांना म्हणावं, सांडग्यांची आमटी करून बघितली, छान झाली." पाठ वळवून मोबाइल त्याच्या हाती द्यायचा आणि आपल्याच बायकोचं हसणं दुसऱ्या खोलीतून ऐकायचं, हे एकदा करून बघावं.

म्हणून ट्रक भरायच्या दिवशी मी जरा हालचाल केली. शीतगृहातल्या फोर्कलिफ्टवाल्याला कॉफी पाजली आणि माझा माल शेवटी चढवून घेतला. शेवटी चढतो तो दाराकडे राहतो, आणि दाराकडचा आधी उतरतो. खरेदी करणाऱ्या माणसाची नजर पहिल्या पेट्यांवर ताजी असते, हे मी बरीच वर्षं बघितलं होतं. आतला माल येईपर्यंत त्याचे पाय दुखायला लागतात, मग तो हिरव्या देठालाही नाक मुरडतो.

खराडे बाजूलाच उभा होता. "तुला दार पायजे? घे की," म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला की मला रात्रभर चैन पडलं नाही.

दुपारी गाडीतल्या रेडिओवर बातम्या लागल्या. जर्मन आणि डच भाषा जवळच्या, त्यामुळे मला बरंचसं समजायचं. मी बजरंगला सांगत होतो.

"मंत्री म्हणतात, संकटात सगळा युरोप एक आहे."

"बरं."

"पुढची बातमी. मास्क देशाबाहेर पाठवायला बंदी."

"आणि?"

"इटलीने मदत मागितली आहे. सगळे विचार करतायत."

खराडे हसला. "म्हंजे आपल्या बिऱ्हाडासारखंच की. घर एक, मिठाचा डबा ज्याचा त्याचा."

"मीठ तू माझंच खातोस."

"मग मी इटली हाय असं समज."

एवढ्यात कॉफीवाली बाई आली. रासा तिचं नाव. लिथुआनियाची. जर्मनीत एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायची, आणि आता गावी तिची स्वतःची आई एकटी आहे म्हणून निघाली होती. मधे पोलंड लागतं आणि पोलंड बस सोडत नव्हतं. बसमधले सगळे असेच. तिचं सरकार पोलंडच्या सरकारशी बोलत होतं म्हणे, कालपासून.

"आजवर अर्ज भरताना मी युरोपची असायचे," ती मला जर्मनमध्ये म्हणाली. "आता फक्त लिथुआनियाची झाले."

मी ते बजरंगला सांगितलं. तो तिला म्हणाला, "ताई, बस जरा. हुईल काहीतरी." तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. मी भाषांतर केलेलं नव्हतं. तिला लागलंच नाही.

मग मिरेकने हाक मारली.

मिरेक बोलायचा कमी, आणि तोडक्या इंग्रजीत. त्याने मला ट्रकच्या पुढच्या बाजूला नेलं. तिथे थंडीचं मशीन असतं. ते सकाळपासून अडखळत होतं. चालू व्हायचं, खोकायचं, बंद पडायचं. त्याने बटणं दाबून दोन आकडे दाखवले. पुढच्या भिंतीपाशी थंडी ठीक होती. दाराकडचं तापमान चढलं होतं.

"हवा इथून सुटते," तो म्हणाला. "दाराशी शेवटी पोचते. मशीन धडधाकट असेल तर फरक नाही. मशीन आजारी, तर दाराकडचा माल आधी मरतो. दाराकडे कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. खराडे माझ्या मागे उभा होता. त्याने टोमणा मारला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मिरेकने एक दार फटभर उघडलं. मी हात घालून एक पेटी ओढली. घड अजून टणक होते, देठ हिरवे होते, पण मण्यांवर बारीक दव धरलं होतं. थंडीतून आलेल्या द्राक्षाला एकदा असा घाम फुटला की बुरशीला आवतण गेलं. रांग संध्याकाळपर्यंत हलली असती, मशीनने थोडी साथ दिली असती, तर माल वाचला असता. त्याहून उशीर झाला की गेलाच.

"लाव दार," मी म्हणालो. "उघडझाप नको आता."

खराड्याने दारावर हात ठेवला. "शेठ, एक बोलू का? त्या बसमधली पोरं सकाळपासनं बिस्किटावर हैत. पाव संपला. आपल्याकडं एवढी द्राक्षं हैत."

"आपल्याकडं नाही. माझ्याकडं. दारात माझी आहेत."

"तेच की. तुझी वाटू."

"का? तुझी का नाही?"

"माझी आत हैत. तुझी काढल्याबिगर माझ्यापतुर हात कसा पोचणार? दार तू मागितलंस."

शांतपणे बोलला. मला त्याच्या त्या शांतपणाचीच चीड यायची.

"खराडे, दार तासभर उघडं राहिलं तर माझा उरलेला मालही गेला. तुझा पुढे थंडीत बसेल. तिकडे बोझेनाच्या पुढ्यात तुझ्या पेट्या चकचकीत आणि माझ्या मेलेल्या. हे तुला कळतं का?"

"कळतं. म्हणून म्हणतो, माझ्यातल्या अर्ध्या पेट्या तुझ्या धर."

"पेटीवर गाव छापलंय. बागेचा नंबर छापलाय. माझ्या धरायच्या म्हणजे कशा?"

"मग बोझेनाबाईला फोन लाव. सांग, दोघांचा माल एकच समजा. नफा-तोटा काय हुईल तो दोघांचा."

मी फोन लावला. त्याचं ऐकून नाही. बोझेना नाही म्हणेल याची खात्री होती म्हणून लावला.

बोझेनाचा आवाज दमलेला होता. मागे कुणीतरी ओरडत होतं. म्हणाली, दुकानात पीठ नाही, यीस्ट नाही, लोक रिकाम्या फळ्यांचे फोटो काढतायत, आणि अर्धे कामगार युक्रेनला परत गेलेत. मी दोघांच्या मालाचं बोललो. ती म्हणाली,

"माझा साहेब मला सांगतो, या दिवसांत एकाच माणसावर भरवसा ठेव, दोघांवर नको. ठरलं तसंच राहील. जे पोचेल ते मी तपासेन. तुमचं तुम्ही बघा."

मी फोन ठेवला. "ऐकलंस? तुमचं तुम्ही बघा. मंत्रीसुद्धा हेच म्हणतायत, फक्त लांबवून."

"बरं," खराडे म्हणाला, आणि बसकडे गेला.

मला वाटलं, विषय संपला. मी गाडीत बसून थंड चहा ओतला. समोर बघतो तर बसच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि बाहेरून खराडे बोटाने हवेत काहीतरी रेखत होता. आतल्या पोरांनी वाफेवर तसंच काढलं. गोल, गोल, गोल, वर एक देठ. पोरं हसली. मग एकेक करून खाली उतरली आणि आमच्या ट्रकमागे रांग धरून उभी राहिली. प्रत्येकाच्या मधे दोन हात अंतर, त्या दिवसांत सगळ्यांना शिकवलं होतं तसं.

रासा पुढे आली. तिने छातीवर हात ठेवला आणि खराड्याला म्हणाली, "आच्यू." त्यांच्यात आभार मानायचा शब्द तो. मागच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. खराड्यासमोर. एका पोरीने तर वाकून मुजरा करावा तसं काहीतरी केलं. तेही खराड्यासमोर.

अजून एक मणी कुणाच्या तोंडात गेलेला नव्हता. द्राक्षं माझी, निफाडची, माझ्या चुलत्याच्या बागेतली, माझ्या देखरेखीत काढलेली. आणि टोपी याच्यासाठी निघते.

काय झालं मला कळलं नाही. मी गाडीतून उतरलो, ट्रककडे गेलो, मिरेकला म्हणालो, "दोन्ही दारं उघड." खराडे वर चढायला लागला होता. मी त्याचा दंड धरला.

"खाली उतर."

"आरं, मी काढून देतो, तू..."

"माल माझा आहे. मीच वाटणार. तू हात लावायचा नाहीस."

तो बाजूला झाला. मी वर चढलो आणि पेट्या फोडायला लागलो. पेटीतली द्राक्षांची प्लास्टिकची डबी रस्त्याच्या कडेला ठेवायची, मागे सरायचं, ते येऊन उचलायचे. आधी बसमधली पोरं, मग त्यांच्या आया, मग मागच्या ट्रकचे ड्रायव्हर, रुमानियाचे, लाटव्हियाचे, कुठकुठले. एका पोलिश म्हातारीने अर्धा पाव आणून ठेवला. मी नको म्हणालो तर रागावली. एकाने डबी तिथेच उघडून एक मणी दाताखाली फोडला आणि डोळे मिटले. कितीतरी वर्षं मी हा माल विकत होतो. तो खाताना माणसाचं तोंड कसं दिसतं हे मी पहिल्यांदा बघितलं. आम्ही दाखवतो ते नमुने, आणि खरेदीची माणसं चाखून थुंकतात.

आभार आता मला मिळत होते. मी मोजत नव्हतो असं म्हणणार नाही.

तेवढ्यात जाण्याच्या आणि येण्याच्या रस्त्यांच्या मधल्या गवतातून एक बाई कॅमेरावाल्याला घेऊन आली. लांब काठीला माइक बांधलेला. कुठल्याशा वाहिनीची. तिने विचारलं, ही द्राक्षं कुठली? मी पेटी छातीशी धरली, गावाचं नाव बाहेर येईल अशी, आणि सांगितलं. खराडे मागे वाकून रिकाम्या डब्या गोळा करत होता. चित्रणात त्याचं फक्त कोपर आलं. मी ते नंतर बऱ्याचदा बघितलं आहे.

संध्याकाळी रेडक्रॉसवाले गरम सूप घेऊन आले. दुसऱ्या दिवशी रांग सरकली. सीमेवरच्या पोराने आमचे पासपोर्ट बघितले, मान हलवली आणि आम्हाला मागे वळवलं. मिरेक एकटा पुढे गेला. रासाच्या बसचं काय झालं ते मला कळलं नाही. आम्ही वळलो तेव्हा ती अजून तिथेच होती.

परतीच्या वाटेवर मी खराड्याशी बोललो नाही. हरलो होतो. माझ्या जवळजवळ सगळ्या पेट्या एकतर वाटल्या गेल्या होत्या किंवा घामेजल्या होत्या. तो मात्र काचेला डोकं टेकून छान झोपला होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बोझेनाचा फोन आला. खराड्याचा माल उत्तम पोचला होता, तिने विकूनही टाकला होता. माझा जो थोडा पोचला तो फेकला.

"पण," ती म्हणाली, "माझ्या साहेबाच्या बायकोने तुम्हाला टीव्हीवर बघितलं. रांगेत. आता दुकानात लोक त्या पेटीतली द्राक्षं मागतात, ती पोरांना दिली होती ती. मी काय करू? तीन वर्षं तुमची."

मी स्वयंपाकघरात गेलो. खराडे भात लावत होता. मी सांगितलं. तो वळला, त्याने मला मिठीच मारली, त्या दिवसांत कुणी कुणाला मारत नसताना. म्हणाला, "लई ब्येस झालं गड्या." आणि मग माझ्या डब्यातलं मीठ भातात टाकलं.

तो हंगाम संपल्यावर विमानं सुरू झाली तसा तो गावी गेला आणि परत आला नाही. तासगावला बेदाण्याची शेड टाकली. मी टिकलो. बोझेनाने तीन वर्षांची पाच केली. पण बारेंड्रेख्तमध्ये ती गोष्ट निघाली की कुणीतरी म्हणायचंच: करार निरगुडेचा, काळीज खराडेचं. मिरेकने सगळीकडे सांगून ठेवलं होतं की वाटायचं आधी कुणाच्या मनात आलं. उपाहारगृहातली बाई मला सूप वाढताना विचारायची, बजरंग कसा आहे? मी म्हणायचो, मजेत आहे. डाव अजूनही वरवरच फिरायचा. माणूस देशात नाही आणि त्याच्यावर जळतोय, असं माझं पाच वर्षं चाललं होतं.

गेल्या साली मुलीचं लग्न ठरलं. वैजयंती म्हणाली, खराडे भाऊजींना पत्रिका फोनवर धाडायची नाही, जाऊन द्यायची. म्हणून तासगावला गेलो. ती खराडेवहिनींबरोबर आत घरात, आणि आम्ही दोघे शेडमध्ये. जाळ्यांवर बेदाणे पसरलेले, हिरवट, पिवळे. खराडे जाडा झाला होता. मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "शेठ, एक विचारू? त्या रांगेत तुझी द्राक्षं वाटायला मी का लावली, म्हाईत हाय?"

"पोरं उपाशी होती."

"उपाशी हुती, पर मरत नव्हती. रेडक्रॉसवाले येणार हैत हे मला मिरेकनं सकाळीच सांगितल्यालं."

मी चावायचं थांबलो.

"दारं उघडली की तुझा माल जाणार हे मला तुझ्याआधी कळालं. माझा पुढं गारव्यात. बोझेनाबाईच्या फुड्यात माझ्याच पेट्या. एवढा साधा हिशोब हुता."

"आणि ते अर्ध्या पेट्या माझ्या धर म्हणालास ते?"

"पेटीवर गाव छापल्यालं असतंय हे मला म्हाईत नव्हतं व्हय? बोलायला काय जातंय."

"पण का रे?"

"जळत हुतो तुझ्यावर." तो बेदाण्यातली काडी वेचत म्हणाला. "बोझेनाबाई तुला मिस्टर निरगुडे म्हणायची. मला नुसतं बजरंग. सगळीच मला बजरंग म्हणायची, पाठीवर थाप मारायची. गडी म्हणून. तू आलास की खुर्ची सरकवायची. माझ्या बिलातल्या चुका ती माणसं हसत हसत दुरुस्त करायची, म्हंजे याला येत न्हाई म्हणून. तुझ्या बिलाला कुणी हात लावला का कधी?"

शेडमधून वारा जात होता. पाच वर्षं ज्याच्या काळजाचा आकार मी मनात मोजत होतो तो माणूस माझ्याएवढाच निघाला. बरोबर तेवढाच. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. तोही हसला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "बजरंगा, लग्नाला चार दिवस आधी ये. सगळं तुझ्या हातात."

"येतो की," तो म्हणाला.

परत निघालो तेव्हा मी शीळ घालत गाडी चालवत होतो. वैजयंती बघत होती. गाव मागे पडल्यावर मी तिला सगळं सांगितलं, रंगवून, त्याच्या आवाजाची नक्कल करून. रेडक्रॉसचं, पेट्यांचं, मिस्टर निरगुडेचं.

ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सांगितलं का त्यांनी शेवटी."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"काय सांगणार ते माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात फोन आला होता त्यांचा. तुमची चौकशी करत होते. मी म्हटलं, काय सांगू भाऊजी, ह्यांना सगळं मिळालं पण तुमचं नाव निघालं की अजून जेवण उतरत नाही. तुमच्यासारखं आपल्याला जमलं नाही याचा घोर लागलाय जिवाला."

"तू हे सांगितलंस त्याला?"

"मग काय झालं? घरचेच आहेत ते. मग म्हणाले, वहिनी, याला घेऊन या एकदा इकडं, काय सांगायचं ते मी बघतो, काढतो हे त्याच्या डोक्यातनं."

मी गाडी बाजूला घेतली. मागून एक ट्रॅक्टर आला, आम्हाला ओलांडून गेला.

"अहो, थांबलात का?" ती म्हणाली. "बरं वाटलं ना पण?"

"आत्तापर्यंत वाटत होतं," मी म्हणालो.